गिल्दो पायी निघाला तो गुरुवार

गिल्दो पेन्त्सो चाळीस वर्षं बोटीवर होता. सोडा, बिअर आणि वाइनचे क्रेट भरून पहाटे निघायचा आणि व्हेनिसमधल्या शंभरेक बारना पाण्याकडच्या दाराने माल टाकून दुपारी परत यायचा. शहरातला एकेक पूल त्याला ठाऊक होता, पण खालून. भरतीला कुठल्या पुलाखाली मान खाली घालावी लागते, कुठल्या कमानीचा दगड सुटलाय, कुठल्या वळणावर आधी ओरडून पलीकडच्याला सावध करायला हवं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. गल्ल्यांमध्ये मात्र त्याचं कधी काही काम पडलं नाही. चर्च घरापासून दोनशे पावलांवर, बार त्याहून जवळ. त्यापलीकडे कुठे जायचं तर बोट. आम्ही म्हणायचो, ह्याला मीठ आणायला पाठवलं तरी हा आधी दोर सोडेल.

त्याची बायको नीवेस अगदी उलट. लग्नाच्या दिवशी बोटीत ओकली ती पुन्हा होता होईतो बोटीत बसली नाही. ती चालायची. तरुणपणी इस्पितळात मदतनीस होती, तिथे सुई द्यायला शिकली, आणि पुढे पस्तीस वर्षं घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना इंजेक्शनं दिली. तपकिरी पिशवी, सपाट टाचेचे बूट, आणि पायात असं बळ की पुलाच्या पायऱ्या चढताना बोलणं थांबायचं नाही. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. तिचे बूट जिन्यावर वाजले की मी मक्याच्या पोलेंटाचं भांडं चुलीवर चढवायची, कारण तेव्हा बरोबर साडेबारा झालेले असायचे.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, ती निघण्यापूर्वी दारात बसून बुटांचे बंद बांधत होती. गिल्दो स्वयंपाकघरात कॉफी पीत होता. काहीतरी पडल्याचा आवाज आला. पिशवी पडली असं त्याला वाटलं. "काय पाडलंस?" त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने कॉफी संपवली, कप विसळला आणि मग बाहेर आला.

हे त्याने मला त्याच दिवशी सांगितलं, अशा सुरात की जणू आज वारा कुठून आहे ते सांगतोय. "कप विसळला, योलांदा. पालथा घातला."

त्या दिवशी तो रडला नाही. बुधवारीही नाही. मुलगी ओरिएत्ता मेस्त्रेहून आली, तिने सगळे अर्ज भरले, मधूनमधून रडली, पुन्हा अर्ज भरले. गिल्दो खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. जेवायला वाढलं की जेवायचा. सकाळी उठून नीट दाढी केली. माणसं येऊन खांद्यावर हात ठेवायची, तो म्हणायचा, "हो. मंगळवारी. बूट घालताना." बायका जिन्यात कुजबुजायला लागल्या की धीराचा आहे हो. धीर नव्हता तो. थंडीत बर्फाच्या पेट्या उतरवल्यावर बोटं आपली राहत नाहीत, पिन टोचली तरी कळत नाही, तसा तो आख्खा झाला होता.

बुधवारी संध्याकाळी निधनाचे कागद छापून आले. नीवेसचा फोटो, नाव, वय त्रेसष्ट, आणि खाली अंत्यविधीचा दिवस. आमच्याकडे कुणी गेलं की हे कागद चर्चच्या भिंतीवर, पुलाजवळ, बेकरीच्या काचेवर लावतात. अंत्यविधीवाल्यांची माणसं लावतात, पण फक्त आपल्या वस्तीपुरते. नीवेसची माणसं तर शहरभर पसरलेली. मी आठवेल तसं लिहून काढलं, कुठल्या बेकरीत ती थांबायची, कुठल्या जिन्यात वरखाली करायची. बावीस ठिकाणं झाली.

"मी लावते," ओरिएत्ता म्हणाली.

"तुला उद्या सकाळी दोन कचेऱ्यांत जायचंय," मी म्हटलं आणि खुर्चीकडे बघितलं. "गिल्दो, तू जा."

खरं सांगायचं तर मला त्याला त्या खुर्चीवरून उठवायचं होतं. बस, एवढंच.

"जातो," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो आधी बोटीकडेच गेला. सवय. पण अमावास्येची ओहोटी होती, वर चार दिवस कोरडी हवा. पाणी धड चढतच नव्हतं. आमच्या मागचा कालवा तळापर्यंत उघडा पडला होता आणि गिल्दोची छोटी बोट चिखलात कुशीवर आडवी झाली होती. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला, मग वर आला आणि म्हणाला, "पायी जावं लागेल."

मी त्याला कागदांची गुंडाळी दिली, दोनचार जास्तीचे घालून, चिकटपट्टी दिली, यादी दिली. यादीत मी पत्ते लिहिले होते तसे सगळे लिहितात, भाग आणि घराचा नंबर. आमच्याकडच्या नंबरांना काही अर्थ नसतो हे मी विसरले. साडेतीन हजारांच्या शेजारी पाच हजार असतं. नीवेसला नंबर लागायचेच नाहीत.

पहिले तीन कागद ओळखीच्या वाटेवर लागले. चौथा बारमध्ये. तिथे सकाळचे बोटवाले टेकले होते, सगळ्यांच्याच बोटी चिखलात, म्हणून जरा जास्तच गर्दी.

"अरे गिल्दो! पायी?" उचो ओरडला. उचो म्हणजे गिल्दोबरोबर वीस वर्षं माल वाहिलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. त्याला नीवेसचं कळलं नव्हतं. तो तीन दिवस चिओज्जाला बहिणीकडे होता. "बोट विकलीस की बायकोने घराबाहेर काढलं?"

कुणीतरी उचोची बाही ओढली. गिल्दोने गुंडाळीतला एक कागद काढून काउंटरवर ठेवला. उचोने वाचला.

"जीभ झडो माझी," तो हळू म्हणाला.

"असू दे. चिकटपट्टी कापायला काही आहे का? दाताने तुटत नाही."

चाकू मिळाला. कागद काचेवर लागला. मग गिल्दोने यादी दाखवून विचारलं की इथून कान्नारेज्जो भागात पायी कसं जायचं. चौघे बोटवाले यादीवर वाकले.

"सोपं आहे. मोठ्या इस्पितळाच्या बाजूने घे, तिसऱ्या वळणाला आत शीर—"

"तिथे पाणी आहे."

"मग? वळणाला आतच शिरायचंय ना?"

"अरे, ह्याला पायी जायचंय!"

"मग मला कशाला विचारता?" तो माणूस खरंच चिडला.

गिल्दो हसला का, असं मी नंतर उचोला विचारलं. उचो म्हणाला, ओठ हलले होते. पण त्याने वाइन घेतली नाही, आणि हे गिल्दोच्या बाबतीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तो निघाला. कार्निव्हलचा गुरुवार होता तो, रस्ते तुडुंब. पांढरे मुखवटे, पिसांच्या टोप्या, मखमली झगे घातलेल्या जर्मन बायका. मोठ्या वाटेवर माणूस पुढे सरकत नव्हता. एका जोडप्याने त्याला नकाशा दाखवून मोठा चौक कुठे आहे ते विचारलं. तो म्हणाला, "ठाऊक नाही."

"तुम्ही इथले नाही?"

"इथलाच आहे."

ते दोघं एकमेकांकडे बघून दुसऱ्या माणसाला विचारायला गेले.

गर्दी टाळायला तो बाजूच्या बोळांत शिरला आणि हरवला. सहासष्ट वर्षं ज्या शहरात काढली त्यात हरवला. एक बोळ भिंतीला जाऊन थांबायचा, दुसरा आधीच्याच विहिरीच्या चौकात आणून सोडायचा. पुलांच्या पायऱ्या त्याला संपता संपेनात. बोटवाल्याचे खांदे बैलाचे असतात, पण पाय आयुष्यभर एकाच जागी उभे राहिलेले. सातव्या की आठव्या पुलावर त्याचे गुडघे बोलायला लागले आणि त्याने कठडा धरला. तो दगडी कठडा वरून गुळगुळीत होता, हातांनी झिजून झिजून. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. हिने रोज इथे हात ठेवला असेल, असा विचार त्याच्या मनात आला. आला तसा गेला.

त्यानंतरचा बोळ पाण्यापाशी संपला. खाली उघडा कालवा, काळा चिखल, एक सायकलचं चाक, शेवाळलेल्या पायऱ्या. आणि समोरची भिंत त्याने ओळखली. गंजकं कडं, त्यावर सिंहाचं नाक तुटलेलं तोंड. ह्याच कड्याला त्याने हजार वेळा दोर बांधला असेल. उजवीकडच्या बारचे क्रेट इथेच उतरायचे. कुठे आहोत ते त्याला आता बरोबर कळलं होतं. इथून बाहेर कसं पडायचं तेवढं कळत नव्हतं.

"काय शोधताय?" वरून आवाज आला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक म्हातारी उशीवर कोपरं टेकून बसली होती. तिचं नाव आमाबिले, हे त्याला मागाहून कळलं.

"दोन हजार सातशे चाळीस."

"तो माझाच की. पत्र आहे?"

तो कागद उलगडून तिच्याकडे धरून उभा राहिला. तिने चष्मा शोधला, घातला, खिडकीतून वाकून बघितलं. फोटो तर लांबूनही ओळखू यायचा.

"अरे देवा," ती म्हणाली. "अरे देवा. कधी?"

"मंगळवारी. बूट घालताना."

"तुम्ही कोण तिचे? थांबा, तुम्ही बोटवाला. हो ना? गिल्दो." ती नाक पुसत होती आणि बोलत होती. "तुम्हाला कधी बघितलं नव्हतं, पण ऐकलंय खूप. तुमचं इंजिन ठोके चुकायचं ना? ती मला सुई देत असली आणि खालून तुमची बोट आली की हात तसाच धरून म्हणायची, थांबा आमाबिले, आमचा माणूस जातोय. आवाज वळणापलीकडे गेला की मग सुई. मी म्हणायची, अगं खिडकीतून हाक तर मार! तर म्हणायची, कशाला, कामात असतो."

गिल्दोने मान हलवली. त्याने मला नंतर सांगितलं की तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच आलं, दोन सिलिंडरचं इंजिन होतं ते, आणि ठोके चुकायचे ते ब्याऐंशी सालानंतर. त्याआधी ठीक होतं. म्हणजे ब्याऐंशीनंतरची गोष्ट. एवढंच. तो आपल्या छातीत काही हलतंय का बघत उभा राहिला, जसं माणूस दाढेवरून जीभ फिरवून बघतो. काही नव्हतं.

त्याने तिच्या दाराशेजारच्या भिंतीवर कागद लावला. तिने वरून वाट सांगितली, नंबर न घालता: लाल दार, मग चपला दुरुस्त करणाऱ्याच्या बाजूने, मग जिथे मांजरं बसतात तिथून डावीकडे. ह्या वाटेने तो चुकला नाही.

साडेअकरापर्यंत तेरा कागद लागले होते. चौदावं ठिकाण कान्नारेज्जोच्या पार टोकाला, तिसरा मजला, एव्हारिस्तो नावाच्या माणसाकडे. यादीत मी एवढंच लिहिलं होतं: "एव्हारिस्तो, गुरुवार." नीवेस त्याचं नाव नेहमी असंच घ्यायची, त्याहून मला काही माहीत नव्हतं.

घंटा वाजवताच दार वरून दोरीने उघडलं. कोण आहे असं कुणी विचारलं नाही. गिल्दो जिना चढत असताना वरून आवाज आला, "आज उशीर झाला हं! गर्दीत अडकलात ना? मी म्हटलंच होतं, मागच्या वाटेने या म्हणून!"

दाराशी ऐंशीचा एक बारीक माणूस काठी टेकून उभा होता. अंगात जाकीट, गळ्यात टाय. त्याच्यामागे टेबलावर ट्रे मांडलेला, त्यात कापूस, स्पिरिट, औषधाची कुपी. शेजारी पत्त्यांचा जोड, दोन कप, आणि बशीत दोन फ्रितोले, साखर भुरभुरवलेले, कार्निव्हलचे तळलेले गोळे.

"आपण?" तो म्हणाला.

"मी नीवेसचा नवरा."

"अच्छा, अच्छा. या. बरं नाही का तिला? तिला सांगत होतो मागच्या गुरुवारी, त्या खोकल्याकडे बघा. स्वतःकडे बघत नाही ती."

गिल्दोने सबंध सकाळ तेरा वेळा तो कागद लावला होता, पण तोंडाने सांगायची वेळ फारशी आली नव्हती, कागदच सांगायचा. त्याने चौदावा काढून दिला.

एव्हारिस्तो खुर्चीत बसला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, ओठ हलवत. मग चष्मा काढला आणि आवाज न करता रडायला लागला. टायवर पाणी पडत होतं. गिल्दो उभा राहून बघत राहिला. आपल्या बायकोसाठी एक परका माणूस रडतोय आणि आपण टोपी हातात घेऊन उभे आहोत, हे त्याला दिसत होतं, जसं काठावरचं घर बोटीतून दिसतं.

"बसा," एव्हारिस्तो शेवटी म्हणाला. "सुई झाली की अर्धा तास पत्ते खेळायचो. अकरा वर्षं. तुम्हाला माहीत असेलच."

"नाही."

"नाही?" तो गोंधळला. "त्यात काही... म्हणजे, तसं काही नव्हतं हो."

"माहीत आहे," गिल्दो म्हणाला. खरं तर त्याला काहीच माहीत नव्हतं. पण राग यायला हवा होता तिथेही रिकामंच होतं. "जिंकायचं कोण?"

"तीच. लबाडी करायची."

"घरीही करायची."

एव्हारिस्तोने बशी पुढे सरकवली. "तिच्यासाठी आणले होते. दोन्ही घ्या. मला साखर वर्ज्य आहे."

गिल्दोने दोन्ही खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि ते ताजे होते. गोड लागले. त्या दिवसाचं सगळं सांगताना तो ह्या एका गोष्टीपाशी येऊन अडायचा. "गोड लागले, योलांदा," तो म्हणायचा. "चांगले लागले मला."

तो बोटं पुसत होता तेवढ्यात एव्हारिस्तोने पुन्हा चष्मा लावून कागद उचलला.

"माफ करा, वेळ नाही ही, पण पंचेचाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत मी. दृष्टी दुसरीकडे जातच नाही. अंत्यविधी नक्की कधी आहे?"

"शनिवारी. सकाळी दहाला."

"शनिवारी बारा तारीख आहे. इथे शनिवार तेरा छापलंय."

गिल्दोने कागद घेतला. शनिवार, तेरा फेब्रुवारी. तेरा म्हणजे रविवार.

आता कबूल करते. बुधवारी अंत्यविधीवाल्यांचा माणूस नमुना घेऊन आला तेव्हा ओरिएत्ता फोनवर होती, आणि तो कागद मी तपासला. मी नावाचं स्पेलिंग बघितलं, वय बघितलं, फोटो सरळ आहे का बघितलं. तारीख मीच त्याला तोंडी सांगितली होती, आणि ती मीच चुकीची सांगितली होती. खाली सही माझी.

"लोक रविवारी येतील," एव्हारिस्तो म्हणाला. "निदान अर्धे तरी. माणूस वार वाचत नाही, आकडा वाचतो."

गिल्दोने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "पेन आहे का?"

पेनं होती, सहा. एव्हारिस्तोने उरलेले सगळे कागद टेबलावर पसरले आणि एकेक दुरुस्त केला. तेरावर एक बारीक रेघ, वर स्वच्छ अक्षरात बारा. एकही रेघ वाकडी गेली नाही. मग जाड काळं पेन गिल्दोच्या हातात दिलं.

"खरडू नका. घाईने खोडलं की लोकांना वाटतं कुणीतरी चेष्टा केलीय. एक रेघ, आणि वर आकडा. करून दाखवा."

गिल्दोने रद्दी कागदावर करून दाखवलं. तीनदा. तिसऱ्यांदा एव्हारिस्तो म्हणाला, "चालेल."

मग तो सगळा दिवस उलटा चालला. आधी कान्नारेज्जोतले उरलेले, दुरुस्त केलेले कागद लावले, आणि मग परत, लावलेल्या तेरांच्या मागे. दुपारी गर्दी आणखी वाढली. कुणीतरी त्याच्यावर मूठभर रंगीत कागदाचे तुकडे उधळले. ते संध्याकाळी मी त्याच्या कॉलरमधून काढले. प्रत्येक भिंतीपाशी तो थांबायचा, पेनचं टोपण दातात धरायचा, एक रेघ, एक आकडा. नीवेसचा चेहरा दर वेळी समोर. कपाळावर जरा डाग होता छपाईत, तेवढा त्याला दिसायचा.

आमाबिलेच्या दाराशेजारी कागदच नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे भिंतीवर. तो वाऱ्याने उडाला असेल म्हणून चिखलात शोधायला लागला, तशी खिडकी उघडली.

"मी काढला," आमाबिले म्हणाली. "शेजारणीला खाली पाठवून. रागावू नका. माझ्याकडे तिचा फोटो नव्हता."

"तारीख चुकलीय त्यावर."

"मला काय तारखेचं? माझ्याने जिना उतरवत नाही. कुठल्याही दिवशी करा."

गिल्दोने तिथे दुसरा लावला. मग, का ते माहीत नाही, तिला म्हणाला की तो कागद खाली टाका. तिने टोपलीत घालून दोरीने सोडला. त्याने त्यावरही रेघ मारली, बारा लिहिलं आणि टोपली हलवली. तिने वर ओढली.

संध्याकाळ होईपर्यंत तेरांतले बारा कागद दुरुस्त झाले. तेरावा सापडेना. एका विहिरीच्या चौकातून निघालेल्या बोळात, हिरव्या पंपाजवळ, एवढं त्याला आठवत होतं. तीन चौकांत विहिरी होत्या, दोन पंप हिरवे होते. काळोख पडला तसा तो परतला. मी दारातच होते. त्याने यादी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "एक राहिला." मग तारखेचं सांगितलं. माझी चूक असं त्याने म्हटलं नाही. मीच म्हटलं, आणि आपल्या वस्तीत लागलेले कागद मी रात्रीच दुरुस्त करते असंही सांगितलं. "हं," तो म्हणाला, आणि बूट काढायला वाकला, आणि त्याला वाकता येईना, इतके पाय आखडले होते. मी जिन्यावर बसून त्याचे बंद सोडले.

शनिवारी चर्च भरलं. इतकी माणसं मी त्या चर्चमध्ये ईस्टरलाही पाहिली नव्हती. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, एकमेकांना धरून आलेले म्हातारे, सगळे कोपऱ्याकोपऱ्यांतून, कितीतरी जणांना तर आपल्या घरापलीकडे येऊन वर्षं झाली होती. एव्हारिस्तोला उचोने बोटीने आणलं. सकाळी पाणी चढलं होतं, त्यामुळे शवपेटी नेहमीसारखी बोटीनेच सान मिकेलेला, दफनभूमीच्या बेटावर, गेली. नीवेसला आवडलं नसतं. गिल्दो पुढे उभा होता, हात खाली सोडून. रडला नाही. लोकांशी हात मिळवले, आभार मानले, घरी येऊन ओरिएत्ताने केलेलं सूप प्याला.

रविवारी सकाळी तो पुन्हा काळा कोट घालून निघाला. मी जिन्यात अडवलं.

"कुठे?"

"चर्चला. दहा वाजता कुणीतरी येईल. तो एक कागद राहिलाय ना."

"अरे, कुणी यायचं नाही."

"मग परत येईन."

मीही शाल घेऊन गेले. दहाची प्रार्थना चालू होती, आत नेहमीची माणसं. गिल्दो बाहेर पायरीवर उभा राहिला. दहा वाजून पाच मिनिटांनी चौकाच्या टोकाकडून दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या, काळ्या कपड्यांत, एकीच्या हातात पांढरी शेवंती कागदात गुंडाळलेली. इकडेतिकडे बघत होत्या. आतून नेहमीचं रविवारचं गाणं ऐकून त्यांचे चेहरे गोंधळले.

गिल्दो त्यांच्याकडे गेला. टोपी काढली.

"नीवेससाठी आलात?"

"हो. आम्ही उशिरा आलो का?"

"नाही. तारीख चुकीची छापली गेली. चूक आमचीच. काल झालं सगळं." आणि त्या काही बोलायच्या आत म्हणाला, "पाणी चांगलं आहे आज. माझी बोट मागेच आहे. नेतो तुम्हाला तिच्याकडे."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. "आम्हाला बोट लागते हो," ती संकोचून म्हणाली. "मळमळतं."

गिल्दोने टोपी परत डोक्यावर घातली.

"हळू नेतो," तो म्हणाला. "तिलाही लागायची."

त्याने खरोखर त्यांना हळू नेलं. मी काठावरून बघत होते. इंजिन इतकं मंद की बोट हलतेय की नाही कळेना. दोघी बहिणी मध्ये बसल्या होत्या, एकमेकींचे हात घट्ट धरून, आणि तो मागे उभा, सरळ, पुढे बघत. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, फुलं ठेवली, धाकटीला थोडी उलटी झाली, पण बाहेर वाकून केली, बोट खराब झाली नाही.

पुढे वसंतात हे सगळं त्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात. दर गुरुवारी तो पायीच एव्हारिस्तोकडे जायचा. सुई द्यायला दुसरी बाई येऊ लागली होती. ती गेली की हे दोघं पत्ते खेळायचे. फार बोलायचे नाहीत म्हणे. गिल्दोला लबाडी करता यायची नाही, त्यामुळे डाव रटाळ व्हायचे. वाट त्याला पाठ झाली, गुडघेही सरावले. पण त्याचा चेहरा तसाच होता. ओरिएत्ता मला फोन करून विचारायची, "योलांदामावशी, बाबा रडले का?" मी म्हणायची, नाही गं.

जूनमध्ये एका दुपारी मी त्याच्यासाठी बडीशेपेचा पाला घालून सार्डिन केले आणि ताट वर नेलं. त्याने एक घास घेतला आणि काटा टेबलावर आपटला.

"हे काय घातलंयस?"

"बडीशेप."

"कुणी सांगितलं तुला? सार्डिनमध्ये बडीशेप? कांदा घालतात! कांदा, मनुका आणि व्हिनेगर! माणसाला एवढंही कळू नये? चार महिने बघतोय, जे येईल ते आणून वाढतेस, तुला वाटतं मला चव नाही?" तो उभा राहून ओरडत होता, लाल झाला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. त्याने ताट उचललं, माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

मी ताट घेऊन तिथेच उभी राहिले. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काही नाही.

मी खाली आले, कांदे काढले आणि चिरायला बसले.